आंबेनळीच्या उतारात भरलेली बॅटरी

टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, त्यातही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी, घरी येऊन महिना होत आला होता. कर्वेनगर ते हिंजवडी या रोजच्या वाटेवर ती मला बऱ्यापैकी कळली होती, पण शहराबाहेर अजून नेली नव्हती. हायब्रिडची नीट ओळख करून घ्यायची तर तिला एक मोठा उतार दाखवावा, एक मोठा चढ दाखवावा आणि मग आकडे बघावेत, असं माझ्या मनात होतं. म्हणून रस्ता तसाच आखला. जाताना वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि पुढे दापोली. येताना वेसवीची फेरीबोट, श्रीवर्धन, दिवेआगर आणि ताम्हिणी चढून पुणे. मध्ये समुद्रकाठचे अरुंद रस्ते आयतेच मिळणार होते.

बरोबर नवरा, नववीतली मुलगी आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, नोकरीचा मोठा काळ महाड डेपोत गेला. आंबेनळीची वळणं त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना शेजारच्या सीटवर बसवून तो घाट उतरायचा, ही माझी या प्रवासातली सगळ्यात मोठी हौस होती.

शुक्रवार : पुणे ते महाबळेश्वर

निघताना पंपावर ऑटोकटपर्यंत, म्हणजे नळी आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरली आणि ट्रिप मीटर शून्यावर आणला. डिकीत सामान बसवताना पहिला धडा मिळाला. हायब्रिडची बॅटरी मागे डिकीच्या तळाशी असते, त्यामुळे साध्या हायरायडरच्या मानाने डिकी बरीच लहान होते. दोन मोठ्या ट्रॉली बॅगा एकावर एक रचून वर काही ठेवायला जागा उरत नाही. चौघांच्या मुक्कामी प्रवासाला मऊ कापडी बॅगा घ्या. त्या कोपऱ्यात दाबून बसतात.

वारज्यापासून नवले पुलापर्यंत नेहमीची कोंडी होती. दहा पावलं चाल, थांब, परत चाल. अशा ठिकाणी ही गाडी खुशीत असते. इंजिन बंद, मोटर गाडी ओढतेय आणि एसीचा कॉम्प्रेसरही विजेवरचा, त्यामुळे उभ्या गाडीत गारवा कमी होत नाही. पाय ब्रेकवर गेला की मोटर उलटी वीज तयार करते आणि तीच वीज पुढच्या दहा पावलांना कामी येते. कात्रजच्या बोगद्यापाशी पोचेपर्यंत पडद्यावर लिटरमागे २५ किलोमीटरच्या वरचा आकडा होता.

हायवेला लागल्यावर तो हळूहळू उतरायला लागला. नव्वद-पंच्याण्णवच्या वेगाने शिरवळपर्यंत २१ वर आला. आयुष्यभर आपण ऐकत आलो की शहरात गाडी कमी देते आणि हायवेला जास्त. इथे ते उलटं आहे. हायवेला ब्रेक लागत नाही म्हणजे परत मिळवायला काही नसतं, आणि सतत हवा कापायचं काम इंजिनालाच करावं लागतं. इंजिन तीन सिलिंडरचं, १४९० सीसीचं, ९२ पीएसच्या आसपास ताकदीचं. मोटर ८० पीएसची. पण दोन्हींची बेरीज करून चालत नाही, एकत्रित ताकद ११६ पीएसच भरते, कारण मोटरला वीज पुरवणारी बॅटरी छोटी आहे. ती ०.७६ युनिटची आहे. घरातला दीड टनाचा एसी या विजेवर जेमतेम अर्धा-पाऊण तास चालेल. लोक हायब्रिडला अर्धी इलेक्ट्रिक गाडी समजतात, तिथे घोळ होतो. ही पेट्रोलचीच गाडी आहे. वाया जाणारं पेट्रोल जिथे जिथे अडवता येईल तिथे ती अडवते, एवढाच तिचा उद्योग, आणि तो ती फार मन लावून करते.

खंबाटकी चढताना अण्णांनी मान वळवली. "बाय, गिअर पडतोय कधी?"

चाळीस वर्षांचा कान होता तो. चढावर इंजिनाचा आवाज एका सुरात चढतो आणि तिथेच राहतो, मध्ये गिअर बदलल्याचा हिसका येत नाही. मी त्यांना सांगितलं की हिला पहिला-दुसरा-तिसरा असे गिअरच नाहीत. मध्ये एका चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकांचा एकच संच आहे. त्याला एका बाजूने इंजिन, दुसऱ्या बाजूने जनरेटर आणि तिसऱ्या बाजूने चाकांकडे जाणारी मोटर जोडलेली. जनरेटर किती वेगाने फिरवायचा ते कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यावरून गिअरचं प्रमाण बदलत जातं. पट्टा नाही, क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही.

अण्णा बराच वेळ पुढे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे झिजायला कमी." मेकॅनिकच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाने काढलेला तो निष्कर्ष मला फार आवडला.

सुरूर फाट्याला वळून वाईत चहा घेतला. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं. पसरणी घाटाने पहिल्यांदा गाडीचा कस लावला. चढ सुरू होताना पडद्यावरचे बॅटरीचे बरेचसे खण भरलेले होते, तोवर मोटर जोरात मदत करत होती आणि पाय हलकाच ठेवला तरी चालत होतं. वर जाता जाता खण कमी होत गेले, इंजिनाचा सूर वाढला. पाचगणीच्या टेबललँडखाली पोचेपर्यंत एकूण सरासरी १९ च्या खाली घसरली होती. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी सुरू होती. संध्याकाळी वेण्णा लेकवर गर्दी होती, तिथे आम्ही फार थांबलो नाही.

शनिवार : महाबळेश्वर ते दापोली

जानेवारीतली महाबळेश्वरची सकाळ. बटण दाबल्यावर एरवी गाडी फक्त 'रेडी' दाखवते आणि शांत उभी राहते. आज इंजिन सुरू झालं आणि बंदच होईना. थंड इंजिन आधी गरम व्हावं लागतं, धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापावा लागतो, त्याशिवाय ते थांबत नाही. शिवाय अण्णांच्या पायांना ऊब हवी म्हणून मी हीटर लावला होता. केबिनची ऊब इंजिनाच्या गरम पाण्यावर चालते, म्हणजे हीटर लावला की इंजिनाची सुट्टी गेली. ज्यांच्या गावी थंडी कडक असते त्यांनी हिवाळ्यातल्या अ‍ॅव्हरेजची अपेक्षा जरा कमीच ठेवावी.

मग उतार सुरू झाला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर आणि पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. चाळीसेक किलोमीटरमध्ये एवढं सगळं उतरायचं. पहिल्या काही वळणांत माझा आनंद गगनात मावत नव्हता. ब्रेकला पाय लावावा आणि पडद्यावर चाकांकडून बॅटरीकडे हिरवे बाण धावावेत. मागून मुलगी खण मोजत होती. वाडा कुंभरोशीच्या बरंच आधी शेवटचा खण भरला आणि बाण थांबले.

मी रात्रीच कागदावर हिशेब करून ठेवला होता. माणसं-सामानासकट गाडी १६०० किलोच्या आसपास. तेवढं वजन १३०० मीटर खाली आणताना साडेपाच युनिटांहून जास्त ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवा खाते, काही टायर खातात. तरीही उरलेली साठवायला बॅटरी पाऊण युनिटची, आणि तीही कॉम्प्युटर कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, म्हणजे हाती जागा त्याहून कमी. सह्याद्रीसारख्या कड्यासमोर ती पहिल्या काही किलोमीटरमध्येच तुडुंब होणार, हे कागदावर दिसत होतं. बॅटरी भरली की मोटरचा ब्रेक मिळायचा थांबतो. मग बराचसा भार चाकांवरच्या डिस्क ब्रेकवर येतो, आणि सलग उतारात ते तापणं बरं नाही.

यासाठीच गिअरच्या दांड्यावर 'डी'च्या खाली 'बी' आहे. मी 'बी' ला टाकलं. तत्क्षणी इंजिन गरजायला लागलं. उतारावर, पायाखाली एक्सलरेटर नसताना, इंजिन एवढं ओरडतंय म्हटल्यावर नवरा दचकला. पण पेट्रोल जळत नव्हतं. बॅटरीत मावत नाही ती वीज जनरेटरला देऊन त्याच्याकरवी इंजिन नुसतंच फिरवलं जातं, आत हवा दाबली जाते, त्यात जोर खर्च होतो आणि गाडी आवरली जाते. पडद्यावर त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज ९९ वर टेकलेलं होतं.

"दुसऱ्या गिअरात आहे आता," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हिला गिअर नाहीत."

"नसू देत. उतरतेय दुसऱ्या गिअरात." आणि मग त्यांनी त्यांच्या पिढीच्या ड्रायव्हरांचा नियम सांगितला. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणाऱ्याच्या गाडीत आपलं माणूस बसवायचं नाही. मी सांगितलं, न्यूट्रलला ही गाडी बॅटरीही भरत नाही. ते समाधानाने हसले.

आंबेनळीत एका वळणाअलीकडे त्यांनी हात वर केला आणि आम्ही सगळे गप्प झालो. २०१८ च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. तीसहून अधिक माणसं गेली. अण्णांनी हात जोडले. आम्ही ज्या गावाला निघालो होतो त्याच गावची ती माणसं होती.

खाली सावित्रीचं खोरं उघडत जातं तसं ऊन लागायला लागलं. पोलादपूरला उतरून गाडी बाजूला घेतली आणि मी चाकांजवळ हात नेऊन बघितला. रिम कोमट होती, बास. त्या क्षणी गाडीवर माझा विश्वास बसला. अ‍ॅव्हरेज कितीही देवो, घाट उतरवताना ती माझ्या बापाला पटली होती.

घाट उतरल्याचा फायदा पडद्यावर दिसलाच. काल १९ च्या खाली गेलेली एकूण सरासरी २४ वर पोचली होती. पण हे कालच्या चढाचंच परत मिळालेलं थोडं देणं होतं, म्हणून या आकड्याचा फोटो काढून कुणाला पाठवण्यात अर्थ नाही. फक्त उताराचे आकडे दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पुढे कशेडीला आता सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यातून जाता येतं. अण्णांना जुन्या घाटाची आठवण आली, पण मोटरला सपाट रस्ता आवडला. खेडला भरणे नाक्यावरून दापोलीकडे वळलो. हा रस्ता सतत वरखाली होत राहतो, छोटा चढ, छोटा उतार, वळण, वस्ती. आणि इथे मला या गाडीची खरी जागा सापडली. छोट्या उतारावर बॅटरी थोडी भरते, लगेच पुढच्या चढावर ती वापरली जाते, पुन्हा जागा होते. कड्यावर जे वाया गेलं ते इथे सगळं खिशात पडतं. मी ब्रेक उशिरा आणि जोरात दाबण्याऐवजी आधीपासून हलका धरायला लागले. हलक्या ब्रेकला मोटरच गाडी आवरते, जोरात दाबला की डिस्क मध्ये पडतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. समोरचं वळण, गुरं, एसटीचा थांबा, सगळं लांबून वाचत चालवायची सवय लागते. मला हे या गाडीने दिलेलं सगळ्यात चांगलं वळण वाटतं.

दापोलीत सामान टाकून संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर गेलो. लिलाव जोरात होता, सुरमई, हलवा, कोळंबीचे ढीग, बैलगाड्या, टेम्पो, आणि सगळ्यांचा एकदम आवाज. मागे सुवर्णदुर्ग. मासे आम्ही घेतले नाहीत, खाल्ले मात्र पोटभर.

रविवार : दापोली ते दिवेआगर

आंजर्ले, केळशी या बाजूचे रस्ते जिथे वाडीतून जातात तिथे दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर सुपारीची सावली आणि मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. समोरून रिक्षा आली तर कुणीतरी मागे जायचं. पुण्यात ही गाडी मला मध्यम आकाराची वाटत होती, इथे ती मोठी वाटली. मात्र कड्यावरच्या गणपतीकडे जाताना खड्ड्यांत, उंचवट्यांवर खालून एकदाही घासली नाही.

या वाटांवर गाडी जवळजवळ सगळा वेळ विजेवर होती. पंधरा-वीसचा वेग, पाय अलगद, इंजिन बंद. काच खाली केली तर लाटांचा आणि पाखरांचा आवाज आत येत होता. मुलीने गाणी बंद करायला सांगितली, हे आमच्या घरात पहिल्यांदा घडलं. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की केली. अंगणाच्या कडेने चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना आणि रस्त्यात बसलेल्या कुत्र्यांना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. अशा ठिकाणी थांबायची तयारी ठेवूनच चालवावं, हॉर्न शेवटी.

केळशीला महालक्ष्मीचं देऊळ पाहून वेसवीला पोचलो तेव्हा फेरीबोट पलीकडून निघालेली दिसत होती. रांगेत उभं असताना शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी तो प्रश्न विचारला जो या महिन्यात मला सगळ्यात जास्त ऐकावा लागला आहे. "मॅडम, चार्जिंग कुठे करता?"

कुठेच नाही. हिला प्लगच नाही. पेट्रोल भरायचं आणि चालवायचं, वीज ती स्वतः करते. ऐकून ते जरा हिरमुसले, मग म्हणाले, "मग सरकार सूट देतं का?" त्यावर माझं मत मी त्यांना सांगितलं आणि इथेही लिहिते. प्लगच्या इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के जीएसटी आहे, माझ्या गाडीला ४०. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले त्याआधी उपकरासकट ४३ होता. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता, आपल्याकडे मात्र ती साध्या पेट्रोल गाडीसारखाच कर भरते. इलेक्ट्रिकला झुकतं माप हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चार्जरची रांग न लावता रोजचं पेट्रोल तिसऱ्या हिश्श्याने वाचवणारी गाडी आणि मोठं पेट्रोल इंजिन मिरवणारी गाडी एकाच पट्टीत बसवणं मला न्याय्य वाटत नाही. कोकणात, मराठवाड्यात, जिथे पुढचा चार्जर कधी आणि कुठे येणार याची खात्री नाही, तिथे हा मधला मार्ग लोकांना परवडेल असा करायला हवा.

फेरीबोटीवर गाडी चढवताना पुन्हा इंजिन बंदच होतं. खलाशाने हाताने खुणा करत अगदी पुढच्या गाडीला टेकेल अशी उभी करायला लावली. अलगद, इंचाइंचाने पुढे घेण्यात मोटरचा हात कुणी धरणार नाही, क्लच तापवायची भीतीच नाही. मुलीने विचारलं की ही खाडी कुठल्या नदीची. सावित्रीची. काल घाट उतरताना जिच्या खोऱ्यात शिरलो तीच, महाबळेश्वरहून निघालेली.

बागमांडल्याहून हरिहरेश्वर जवळच. भरती असल्याने प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरलो नाही, कालभैरवाचं दर्शन घेऊन निघालो. श्रीवर्धनला अण्णांनी रोठा सुपारी घेतली आणि दिवेआगरला दिवस संपला.

सोमवार : दिवेआगर ते पुणे

म्हसळा, माणगाव, निजामपूर, मग ताम्हिणी. विळे सोडल्यावर चढ लागला. आता उलटी परीक्षा होती. सुरुवातीला भरलेली बॅटरी सलग चढाला थोडाच वेळ पुरते, मग मोटरला द्यायची वीजही इंजिनालाच करावी लागते. अशा वेळी एक्सलरेटर जास्त दाबून उपयोग नाही, आवाज वाढतो, वेग तेवढा वाढत नाही. मी 'पॉवर' मोड लावून बघितला. पाय दाबल्यावर प्रतिसाद लवकर येतो, पण चढ तोच, इंजिन तेच. परत 'ईको' ला आणून पन्नासच्या वेगाने शांत चढले. चढाच्या त्या भागापुरता हिशेब १३ च्या आसपास आला. डिझेलच्या मोठ्या गाड्या वळणावर सरसर पुढे जात होत्या. घाटात ओव्हरटेक करण्यासाठी गाडी हवी असेल त्यांनी ही घेऊ नये, ती त्यासाठी केलेली नाही.

मुळशीच्या पाण्याकडेने रस्ता पुन्हा वरखाली व्हायला लागला आणि आकडा सावरत गेला. पिरंगुटची कोंडी आली तेव्हा मी मनातून खूश झाले. चांदणी चौकापर्यंत निम्मा वेळ इंजिन बंद होतं.

जिथून निघालो त्याच पंपावर, त्याच नळीने टाकी पुन्हा ऑटोकटपर्यंत भरली. ५४४ किलोमीटरला २४.३ लिटर लागलं, म्हणजे लिटरला २२.४. पडद्यावर २३.६ दिसत होतं. असा थोडा फरक बहुतेक गाड्यांत असतो, म्हणून पंपावरचाच हिशेब धरावा. कंपनीच्या कागदावर २७.९७ आहे. तो प्रयोगशाळेतला, तिथे ना ताम्हिणी ना चार माणसं. शिवाय हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के गेलीच.

अण्णांनी पावती हातात घेऊन आकडेमोड तपासली. त्यांच्या काळी डेपोत किलोमीटरमागे डिझेलचा हिशेब द्यावा लागायचा, ती सवय गेलेली नाही. "घाटाचा रस्ता धरून बरी आहे," म्हणाले.

मंगळवारी हिंजवडीला जाताना वाकडच्या कोंडीत याच गाडीने २६ दाखवले. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर, तेही बहुतेक असल्याच रस्त्यांवर होणार असतील तर २४ देणाऱ्या आणि १५ देणाऱ्या गाडीत ३७५ लिटरचा फरक पडतो. पेट्रोल शंभराच्या वर असताना ते वर्षाचे ३८-३९ हजार रुपये झाले. हायब्रिडसाठी मोजलेले जास्तीचे दोन-अडीच लाख त्यातून सुटायला पाच ते साडेसहा वर्षं लागतात. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे. मी गाडी दहा वर्षं ठेवणारी बाई आहे, त्यामुळे माझं गणित बसलं. तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी, किंवा महिन्यातून दोनदा फक्त हायवेने गावी जाणाऱ्यांनी, साध्या पेट्रोलचीच घ्यावी.